बाबांचे खोटे बेचाळीस

लिफ्टचं दार मिटायला आणि ती वळणावरून धावत यायला एकच गाठ पडली. "अहो, धरा, धरा!" ती ओरडली आणि मिटत आलेल्या फटीत एक बूट आला. बुटात अर्थातच पाय होता.

"आई गं..." बुटाचा मालक कळवळला.

"सॉरी! पण काढू नका हं इतक्यात," असं म्हणत ती त्याच्या पायावरून उडी मारून आत शिरली.

आता बघा, माणसाचा पाय दारात चेंगरलाय आणि बाई म्हणतायत काढू नका! दुसरा कुणी असता तर चार शब्द सुनावले असते. हा मात्र तिच्या हातांकडे बघत राहिला. टोपण लावलेली एक छोटी सिरिंज ती दोन्ही तळव्यांत धरून सारखी घोळवत होती.

"थंडी वाजतेय का?" त्याने विचारलं.

"नाही हो. रक्त आहे. घोळवलं नाही तर गुठळी होते आणि उशीर झाला तर आकडे बिघडतात."

तो नकळत एक पाऊल मागे सरकला. "कुणाचं?"

"वर एक गोड काका आहेत. जेवता जेवता हातात चमचा धरून झोपी गेले म्हणून दाखल केलंय. मी सुई घेऊन गेले तर म्हणतात, या डासबाई, बसा, काय घेणार?" एवढं बोलून तिने जीभ चावली. पेशंटचं असं लिफ्टमध्ये बोलायचं नसतं, हे ती रोज नव्या मुलींना बजावायची.

तो हसला, पण हसू पुरतं ओठांवर आलं नाही. "माझेच बाबा आहेत ते. मी कामावरून थेट इकडेच येतोय..." मग सिरिंजकडे बोट दाखवून म्हणाला, "जपून न्या हं. घराण्याचं आहे."

त्याची ओली बाही, कपाळाला चिकटलेले केस, आणि काळजीतसुद्धा खोडी काढायची ती तऱ्हा... लिफ्ट थांबली, तरी उतरायचं तिच्या लक्षातच येईना. शेवटी त्यानेच दार धरलं. या वेळी हाताने.

ती रक्तातले वायू तपासणारी तंत्रज्ञ. फुप्फुसांच्या विभागाशेजारी तिची खोली, खोलीत एक मशीन, आणि त्या मशीनपुढे दिवसभर ती. काकांच्या रक्ताचा आकडा आला अठ्ठावन्न. मोठ्या डॉक्टरांनी तो बघितला, बापलेकांना सगळं समजावलं, आणि रोज रात्री झोपताना तोंडावर मास्क लावून हवा देणारं यंत्र घ्या म्हणून सांगितलं. पण डॉक्टरांचं बोलणं म्हणजे धावती गाडी. संध्याकाळी मुलगा तिच्या दारात हजर.

"अठ्ठावन्न म्हणजे नक्की काय हो? बोटाला तो चिमटा लावतात, त्यात तर फार काही वाईट दिसत नाही."

"त्या चिमट्यात ऑक्सिजन दिसतो. हा कार्बन डायऑक्साइड आहे. हा रक्त काढूनच कळतो. चला, काकांसमोरच सांगते."

आणि तिने काकांच्या खाटेशी स्टूल ओढून सांगितलं. आपण श्वास घेतो याचंच सगळ्यांना कौतुक, सोडतो त्याची कुणी चौकशी करत नाही. चूल पेटली की धूर होतो ना, तसा शरीरात हा वायू सतत तयार होतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. पस्तीस ते पंचेचाळीस असला की ठीक. काकांचं वजन छातीवर बसतं, झोपेत श्वास उथळ होतो, वायू आतच राहतो. मग सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा पेंग येते.

"मग मी अजून जिवंत कसा?" काकांनी विचारलं. ते आयुष्यभर एका बँडमध्ये ट्रंपेट वाजवत आलेले. माणूस भरघोस, आवाजही तसाच.

"शरीर सवय करून घेतं ना. मूत्रपिंडं रक्तात बायकार्बोनेट साठवून ठेवतात, त्याने आम्लपणा आटोक्यात राहतो. पण ते सावकाश होतं, कित्येक दिवस लागतात. वायूचं तसं नाही. जोरजोरात श्वास घेतले की तो पटकन खाली येतो, उथळ घेतले की चढतो."

"अस्सं!" काका म्हणाले आणि छताकडे बघत बसले. त्यांच्या डोक्यात काय शिजतंय ते तिला तेव्हा कळलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

काकांनी यंत्राला साफ नकार दिला. चालतो, वजन उतरवतो, दोन महिने द्या, मग पुन्हा रक्त तपासा, म्हणाले. डॉक्टरांनी बरंच समजावलं आणि शेवटी नाइलाजाने घरी सोडलं.

मुलगा मात्र येत राहिला. आधी रिपोर्टची प्रत हवी म्हणून, मग वजन किती उतरायला हवं ते विचारायला, मग... मग कारण सांगणंच त्याने सोडून दिलं. तो पूल तपासायचा. दोराला लटकून पुलाच्या पोटाखाली जायचा, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि कुठे पोकळ झालंय ते ओळखायचा.

"भीती नाही वाटत?" तिने एकदा विचारलं. दोघं हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर चहा घेत होती. बारीक भुरभुर चालली होती आणि वरचा छज्जा फक्त एकालाच पुरेल एवढा होता, म्हणून तो अर्धा भिजत होता.

"वाटते ना. न घाबरणाऱ्याला आम्ही दोर देतच नाही." मग जरा थांबून, "तुम्हाला नाही वाटत? माणसाच्या मनगटात सुई घालताना?"

"रोज वाटते."

"मग आपलं जमेल," तो म्हणाला.

ती कपात बघत राहिली. कान तापले होते... चहाने नव्हे. त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. कोणी आधी म्हटलं यावर मात्र दोघांचं कधी एकमत झालं नाही.

पण त्याच पायऱ्यांवर एक दिवस त्याने सांगितलं की त्याला बोलावणं आलंय. समुद्रापार एक लांबच लांब पूल होतोय, दोन वर्षांचं काम. असं काम त्याच्या धंद्यात एखाद्यालाच मिळतं. बोलताना त्याचे डोळे नुसते चमकत होते.

"मग?" ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम ठीक ठेवला.

"मग काय! आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा. त्यांचा आकडा ठीक आला तर जाईन. नाही आला तर रात्री ते यंत्र लावायला, मास्क बसवायला घरात कुणीतरी हवं. मग नाही जायचं. बाबांनाही सांगितलंय तसं."

त्याचं सगळं काकांच्या रक्तावर येऊन थांबलं होतं, आणि ते रक्त तीच काढणार होती.

तपासणीच्या दिवशी काका आले. नवा सदरा, केस चापून बसवलेले. मुलगा बाहेर बाकावर बसला. तिने काकांना पडद्यामागच्या खुर्चीत बसवलं, "जरा शांत बसा हं, मी आलेच," म्हणाली आणि सामान आणायला गेली. परत आली तेव्हा काका डोळे मिटून बसले होते, कपाळावर घाम.

"बरं वाटतंय ना?"

"उत्तम! जरा हाताला मुंग्या आल्यात, एवढंच."

तिने मनगटावर नाडी चाचपली, सुई घातली, लालभडक रक्त आपसूक वर चढलं. बुडबुडा काढला, टोपण लावलं, मशीनला दिलं. मशीन गुरगुरलं आणि पडद्यावर आकडा उमटला. बेचाळीस.

काका मान लांब करून बघतच होते. "बेचाळीस!" ते असे ओरडले की बाहेर बाकापर्यंत ऐकू गेलं. दार ढकलून मुलगा आत आला. "खरंच?" म्हणत त्याने वडिलांना मिठी मारली, वडिलांच्या खांद्यावरून तिच्याकडे बघून हसला... आणि त्या हसण्यात आनंद होता तसंच काहीतरी तुटणंही होतं. ते तिने बघितलं.

"पुलाच्या कंपनीला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. फोन करून येतो," असं म्हणून तो मागच्या पायऱ्यांकडे गेला.

आणि मग तिचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. बायकार्बोनेट एकतीस. असायला हवं चोवीसच्या आसपास. वायू खरोखरच महिनाभर कमी राहिला असता तर तेही उतरलं असतं. आणि रक्त चक्क आम्लाच्या उलट बाजूला झुकलेलं. म्हणजे वायू आत्ता, दहा-पंधरा मिनिटांत खाली आणलेला. हाताला मुंग्या, कपाळावर घाम... तिला एकदम सगळं लख्ख दिसलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "पडद्यामागे जोरजोरात श्वास घेत होतात ना?"

काका आधी उसने हसले. मग त्यांचा चेहरा पडला.

"तूच तर सांगितलंस पटकन खाली येतो म्हणून. अगं, श्वासावर माझी हुकमत आहे. एका दमात अख्खी धून वाजवायचो मी." मग तिचा हात धरून म्हणाले, "पोरी, तुझ्या पाया पडतो. त्याला जाऊ दे. आईच्या आजारपणात त्याने एक संधी सोडली. आता माझ्यासाठी दुसरी? मी काय त्याच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं का?"

"काका, उपचार नाही झाले तर एक दिवस तुम्ही झोपेतून उठणारच नाही."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"मी डॉक्टरांना सांगणार. ते माझं कामच आहे. पण मुलाला तुम्ही सांगा, आत्ता, त्याने फोन करायच्या आधी."

"मी नाही सांगणार," काका हट्टाने म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

ती उठली. बेसिनशी गेली, हात धुतले, पुन्हा धुतले. डॉक्टर तपासणीत अडकलेल्या, त्या भेटेपर्यंत तो होकार देऊन मोकळा होणार. नंतर कळलं तरी अवघड. म्हणजे सांगायचं तर आत्ताच, आणि तिनेच. यात अवघड काय होतं? अवघड हे होतं की सांगितलं तर तो थांबणार. आणि तो थांबावा म्हणून गेले कित्येक दिवस ती मनातल्या मनात तळमळत होती! उद्या त्याला वाटलं की हिने मुद्दाम... त्याला कशाला, तिचं तिलाच वाटलं तर? खरं बोलताना इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग तिने हात तसेच ओले ठेवले आणि पायऱ्या गाठल्या.

तो फोन कानाला लावून उभा होता. पलीकडे घंटी वाजत होती.

"ठेव तो," ती म्हणाली.

"अगं, लागतोय..."

"ठेव म्हणते ना!"

त्याने ठेवला. तिने दम खाल्ला आणि एका झटक्यात बोलून टाकलं. "आकडा खोटा आहे. बाबांनी जोरजोरात श्वास घेऊन खाली आणलाय. तू जावंस म्हणून. आणि आता दुसरं ऐक. तू थांबलास तर मला बरं वाटेल. नुसतं बरं नाही... खूप. मला तू आवडतोस. म्हणजे हे सांगण्यात माझा स्वार्थ आहे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. बाबांना अर्धा तास शांत बसव, दुसऱ्या कुणाकडून रक्त काढून घे, आणि डॉक्टरांना दाखव."

फोन त्याच्या हातात तसाच. पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं आणि तिला वाटलं, झालं, संपलं सगळं.

"असं कोणी सांगतं का गं?" शेवटी तो म्हणाला.

"मला दुसरं कसं सांगतात ते येत नाही."

दुसऱ्या कुणाकडून वगैरे काही त्याने केलं नाही. तो आत गेला, वडिलांच्या पायाशी खाली बसला आणि अर्धा तास त्यांचा हात हातात धरून इकडचं तिकडचं बोलत राहिला. काकांचा श्वास हळूहळू नेहमीच्या लयीत आला. मग तोच हात त्याने तिच्यापुढे केला. या वेळी छप्पन्न.

काका लहान मुलासारखे रडले. "तुझ्या वाटेत आलो रे मी."

"तुम्ही माझे वडील आहात, वाटेत काय येताय," मुलगा म्हणाला आणि त्याने त्यांच्या मनगटावरचा कापूस दाबून धरला.

डॉक्टरांनी कानउघाडणी केली ती वेगळीच. यंत्र घरी आलं. कंपनीने जागा काही महिने राखून ठेवते असं कळवलं, त्यापुढचं नक्की नाही म्हणाली. काका तिच्याशी बोलेनासे झाले. तपासणीला आले की हात पुढे करायचे आणि "काढा मॅडम" म्हणायचे. त्या मॅडमने तिच्या जिवाला जे लागायचं ते सुईने कुणाला लागलं नसेल.

आणि तो? तो यायचा, चहा व्हायचा, मास्कच्या गमती व्हायच्या. पहिल्या रात्री बाबा मास्कमधूनच शिव्या देत होते म्हणे, आणि त्या घोंघावत बाहेर येत होत्या. पण ती पायऱ्यांवर जे बोलली त्याचं उत्तर त्याने दिलं नाही. एकदाच म्हणाला, "मी थांबलोय ते बाबांसाठी. तुझ्यासाठी थांबलो असं म्हणून तुला खूश केलं तर ती फसवणूक होईल. थोडा वेळ दे." तिने मान डोलावली. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, हे त्याला कशाला कळायला हवं?

दिवस गेले. काकांची सकाळची डोकेदुखी गेली. दुपारी पेपर वाचताना मान कलंडायची बंद झाली. वजन उतरलं, चालणं वाढलं. एकदा तर म्हणे अख्ख्या जेवणभर त्यांनी मुलाला राजकारणावर पिडलं, आणि मुलाला ते ऐकून आनंदाने भरून आलं.

मग पुन्हा तपासणी. काका खुर्चीत बसले आणि तिने न सांगताच अर्धा तास गप्प राहिले. तिने रक्त काढलं, मशीनला दिलं आणि पडद्यापुढे उभी राहिली. वायू चव्वेचाळीस. बायकार्बोनेट सव्वीस. रक्त अगदी मध्यावर. कुठेही लपवाछपवी नाही.

हा आकडा खरा होता, आणि खरा होता म्हणूनच तो आता जाणार होता. ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "चव्वेचाळीस. काका, छान आलाय. यंत्र मात्र सोडायचं नाही." आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "त्यांना कळव. जागा असेल अजून."

"आहे," तो म्हणाला. "कालच विचारलं."

काकांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि कधी नव्हे ते शहाण्यासारखे "मी जरा पाणी पिऊन येतो" म्हणून बाहेर गेले.

खोलीत मशीनची गुरगुर तेवढी उरली. तिने हातमोजे काढायला घेतले. एक निघेचना.

"मी नसताना..." त्याने सुरुवात केली.

"बाबांकडे लक्ष ठेवेन," ती कोरडेपणाने म्हणाली. "काळजी करू नकोस. तपासणीला येतीलच ते."

"ते कोण सांगतंय तुला? बाबांसाठी आत्या येतेय राहायला, नुकतीच निवृत्त झालीये. यंत्र लावायला आत्तापासूनच शिकतेय. बाबांसाठी माझं तुझ्याकडे काही काम नाही." तो जवळ आला आणि तिचा अडकलेला हातमोजा एकेका बोटाने सोडवू लागला. "माझं स्वतःचं आहे. इतके दिवस बोललो नाही, कारण थांबलोच होतो. तेव्हा काहीही म्हटलं असतं तरी तुला वाटलं असतं, हा इथे अडकलाय म्हणून गोड बोलतोय. आता मी मोकळा आहे. कुठेही जाऊ शकतो. आणि आता सांगतो, मला तू हवी आहेस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला रागही आला. "आणि दोन वर्षं? तिकडे समुद्रापार?"

"मधे सुट्ट्या आहेत. फोन आहे. आणि तुला यावंसं वाटलं तर तिकडेही हॉस्पिटलं आहेत, माणसं तिकडेही श्वास घेतात. पण ये म्हणून अडून बसणार नाही. तुझं काम तुझं आहे."

"जा तू," ती म्हणाली. हातमोजा निघाला होता, पण त्याने हात सोडला नव्हता आणि तिनेही काढून घेतला नव्हता. "चांगला पूल बांधा म्हणावं त्यांना. आणि पोचल्यावर फोन कर. उंचावरून नको, खाली उतरून कर. मी आईला आजच सांगते, माझ्यासाठी आता स्थळं बघू नकोस म्हणून."

"म्हणजे हो?"

"म्हणजे हो रे! आता काय रक्त काढून सिद्ध करू?"

बाहेर पाणी पिणारे काका इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला, आणि दोघं हात न सोडताच त्यांच्याकडे धावली.